अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

ता. ४ मार्च

तीर्थरूप दादास, बहिणीचा नमस्कार वि. वि.

तुझी तीन बोटं गेल्याचं वहिनीने कळवलं. रडून झालं, आता भांडते. साठी उलटलेले दोन भाऊ स्वतःच्या बाइंडिंगच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, एका आकड्यावरून एकमेकांचं रक्त काढतात! बाबांचा खेळ असा होता: एकाने कशानेच न भागली जाणारी मूळ संख्या मांडायची, दुसऱ्याने ती भागून फोडायला बघायची, आणि हरेल त्याने थोबाडीत खायची. थोबाडीत, दादा. हात कापायचा नव्हे.

काल कोठडीत धाकट्याला पाहिलं. कान फाटलाय, कॉलर रक्ताने कडक झालीय. तुझ्या जबाबात एवढंच, की त्याने तुला कटिंग मशीनवर ढकललं आणि दांडा ओढला. मग हा कान काय उंदराने कुरतडला?

आणि त्याने मांडलेल्या ५८,८२,३५३ला तू म्हणतोस तसा सतराने भाग जात नाही. तेरा उरतात. पेन्शनीत निघालेल्या बाईला वेळ भरपूर. मी सगळं भागून पाहिलं, कशानेच जात नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टीने झोडून भागाकार शिकवलाय मला. तुझा कागद पुन्हा बघ.

लोभ आहेच, सध्या राग त्याच्या डोक्यावर बसलाय.

तुझी मिरची

ता. ९ मार्च

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. कागद पाहिला. भागायच्या ऐवजी मी सतराने गुणलं होतं. उत्तर आलं दहा कोटी एक; इतकं देखणं, की आकडा फुटला असंच वाटलं. थोबाडीत द्यायला गेलो, तर तो हसला.

पण दांडा त्याने ओढला, मिरचे. पातं खाली येताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. बोटं कातरणात पडली. आकडा अभंग राहिला, मी नाही. सोमवारी कोर्टात हेच सांगणार.

दादा

ता. ११ मार्च

तीर्थरूप दादास नमस्कार.

तो आकडा मीही कापला. ५८८ आणि २३५३. दोन्ही तुकड्यांचे वर्ग करून बेरीज घेतली, तर पुन्हा ५८,८२,३५३! प्रवचन झोडत नाही. बोटांचे वर्ग होत नाहीत, कळतं मला.

दांडा ओढल्याचं धाकट्याने न लपवता कबूल केलं. तू काय उचललं होतंस ते मात्र सांगत नाही. जीव गेला तरी दादाचं नाव घेणार नाही म्हणतो, गाढव. तेव्हा तूच सांग. अर्धा भागाकार करून उत्तर लिहू नकोस.

मिरची

ता. १६ मार्च

चि. मिरचीस आशीर्वाद.

कोर्टात सांगितलं. हातोडा आधी मी उचलला. दोनदा मारला; दुसरा घाव तो कान धरून वाकल्यावर. त्याला जामीन मिळाला. शिक्षा आता दोघांचीही ठरेल.

खेळात हरलो मी. त्याला म्हणावं, घरी ये आणि तुझी थोबाडीत देऊन जा. मशीनचं पातं उतरवलंय, हातोडा पोलिसांकडे आहे. इथे फक्त माझा गाल आहे.

तुझा दादा