ठेका थांबला का तू उचल

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक जन्मलीही नव्हती. तरी तुमचाच धडा तिनं परवा भंडाऱ्याच्या कॉलेजात लावून दाखवला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

कवितेच्या तासाला तुम्ही दोन पोरांना उभं करायचे. पहिला मोठ्यानं म्हणायचा, पायानं ठेका धरायचा. दुसरा मागे नुसते ओठ हलवायचा. तो दुसरा मी. "त्याचं तोंड पाहू नको, पाय ऐक. ठेका थांबला का तू उचल. वर्गाले समजलं नाही पाहिजे." अजून ऐकू येतं मला. पहिला अडतो, मी उचलतो, वर्ग आपला डोळे मिटून डोलतो आहे.

लेक तिथलं नेटवर्क सांभाळते. ऑनलाइन परीक्षेला दिघोरी, आसगावची पोरं येणार होती. मधेच नेट गेलं तर त्यांचं वर्ष बुडालं. आदल्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गेलो, तर ही बाई प्राचार्यांसमोर चालू राउटरची वायर उपटून राहिलेली.

"मॅडम, चांगलं चालते ते कायले मारता?"

"आज मी मारते सर. उद्या आपोआप मेलं तर?"

स्क्रीन जरा अडखळली आणि चालू. मग तिनं मला समजावलं. कॉम्प्युटरांना बाहेर जायचा एकच पत्ता माहीत, आणि तो दोन राउटरांत सामाईक. पहिला काम करतो, सारखा 'मी आहे' म्हणत राहतो. दुसरा गप्प ऐकतो. ते ऐकू येईनासं झालं की पत्ता स्वतःकडे घेतो. वायर परत लावली, तरी पहिल्यानं लगेच काम हिसकावलं नाही. "बाबा, त्याले आधी बाहेरचे सारे रस्ते समजू द्या लागते, मंग घेते." मला हसू आलं. अडलेल्याला ओळ आठवली तरी तुम्ही म्हणायचे, "कडवं पुरं होऊ दे, मंग घे."

पेपरच्या मध्यात पहिला राउटर खरंच बसला, गुरुजी. एकाही पोरानं मान वर केली नाही. प्राचार्यांनाही ते तिनं नंतर चहा पिताना सांगितलं तेव्हा कळलं.

काल संध्याकाळी ओसरीवर ठेका धरून तुमची ती तलावाची कविता म्हणत होतो, तर दुसऱ्या कडव्यात थांबलो. लेक ती लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकत आलेली. पोळ्या लाटता लाटता आतून तिनं पुढची ओळ उचलली, अगदी तुमच्या चालीत. मग दारात येऊन म्हणाली, "बाबा, इसरले का जी?"

"इसरलो," म्हटलं.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, कुणाच्या हाती ते पडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. विसरलो नव्हतो. पाय मुद्दामच थांबवला होता.