मौनाचं ताट

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा या कागदाचं पुढं काय होणार हे आपल्या दोघींनाही पक्कं ठाऊक आहे. मी बोलतेय आणि नात लिहितेय. तिला कॉलेजात साहित्यातल्या मौनावर काहीतरी लिहून न्यायचंय. काल मला समजावत होती, "आजी, दोन ओळींच्या मधे कोरी जागा असते ना, तिथंही अर्थ असतो." मी म्हटलं, "बये, मला तर सगळं पानच कोरं. म्हणजे मला तुझ्या मास्तरापेक्षा जास्त कळत असणार." हसली. मग म्हणाली, तुझ्या पाहण्यात सगळ्यात गप्प माणूस कोण, ते सांग. मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवेना. मी 'न्हाई' म्हणते तिथं ही 'नाही' लिहिते. लिहू दे. सून शहाणी झाली असं वाटेल तुम्हाला.

मी आले ती चाकणच्या बाजारातून. माझे वडील कांदा तोलायचे आणि घरातही लिलावाच्या आवाजातच बोलायचे. आमच्याकडं कुणी मीठ मागितलं तरी पलीकडच्या आळीला कळायचं. तिथून मी तुमच्या घरात पडले. पवनेच्या काठचं ते मातीचं घर, पुढं म्हशीचा गोठा, मागं ज्वारी. पलीकडं माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि तुमचा लेक तिथं नुकताच कामाला लागला होता. तो पाळीवर गेला की घरात तुम्ही, मी, मामंजी आणि म्हैस. त्यांत माझ्या बोलण्याला ओ देणारी काय ती म्हैस. तुम्ही बोटानं दाखवायचात. पीठ, हंडा, चूल, झालं. मी एकटीच बडबडत राहायची, आणि बोलून दमले की त्या शांततेत मला एकच गोष्ट ऐकू यायची, की या बाईला मी पसंत नाही. रात्री उशी ओली व्हायची ती त्यापायी. तुमच्या लेकाला वाटायचं, पोरीला माहेर आठवतंय.

मग आला माझा पहिला चातुर्मास. तुम्ही मौनानं जेवायचा नेम धरता हे मला ठाऊक नव्हतं. सांगणार कोण? सांगायचं काम तुमचं, आणि तुम्ही तर बोलत नव्हतात. मामंजी जेवून ओट्यावर बसलेत. तुम्ही चुलीपाशी ताट घेऊन बसलाय, भाकरी, मेथीचं गरगट, कांदा. दोन घास गेलेत. मी आपली प्रेमानं वाकून विचारते, "आत्याबाई, मीठ कमी पडलं का वो?" तुमचा हात तिथंच थांबला. ताटाला नमस्कार केलात, उठलात, हात धुतलात आणि ते ताट उचलून म्हशीपुढं ठेवलंत. मला वाटलं, मेथी इतकी वाईट झाली? तेवढ्यात ओट्यावरून मामंजी ओरडले, "मोडलं का मौन? सून आणली का कारखान्याचा भोंगा आणला रं देवा! आता ती उद्यापतुर उपाशी ऱ्हाणार, हाय का ठावं?" तेव्हा कळलं. घास हातात असताना कुणी तुमच्याशी शब्द बोललं की ताट सोडायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. तुम्ही त्या दिवशी तशाच शेतात गेलात, खुरपलंत, संध्याकाळी म्हशीची धार काढलीत. मीही जेवले नाही. तुम्ही ते पाहिलंत.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दोन पाट मांडलेले. मला बोलावलंत, अगदी तोंडानं बोलावलंत. "बस हितं. आजपासनं तूबी."

"म्या काय?"

"मौन. घास हातात हाय तवर त्वांड उघडायचं न्हाई."

"किती दिस वो?"

"कार्तिकापतुर."

ओट्यावर मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ही? ही गप ऱ्हाईल? आगं, त्यापरीस नदीला थांब म्हणावं!" मला वाटलं, ही शिक्षा. माझी जीभ कापायची ही रीत. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर सांडत मी पहिला घास घेतला. आणि तेवढ्यात ओट्यावरून सवयीची हाक आली, "सूनबा..." आणि शब्द पुरा व्हायच्या आत तुटली. मामंजींनी जीभ चावलेली मला आतून दिसली. दोन बायका ताटावरून उपाशी उठल्या तर पाप कुणाच्या माथी? मग ते खाकरले, उठले, आत आले आणि रांजणातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन, पाय न वाजवता परत गेले. मी त्या घरात येऊन एवढे महिने झाले होते. जेवता जेवता उठले नाही असा एक दिवस गेला नव्हता. तांब्या, तंबाखूची चंची, म्हशीचं दावं, दारात आलेला पाहुणा, प्रत्येकाला बाईचा हात खरकटा असतानाच हाक मारायची असते. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही ताटातच बघत होतात, पण डाव्या डोळ्याचा कोपरा हलला. मग माझ्या ताटात अर्धी भाकरी सरकवलीत. गरम होती. सासरी आल्यापासून गरम भाकरीचा शेवटचा घासही गरमच खाल्ला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

नात विचारतेय, "म्हणजे ते व्रत देवासाठी नव्हतंच?" मी कसं सांगू? देवासाठी असेलही. तुम्ही कधी बोललाच नाहीत. पण त्या चार महिन्यांत आपण दोघी जे बोललो, आत्याबाई, ते मी पुढं तुमच्या लेकाशी साऱ्या संसारात बोलले नाही. तुम्ही मिठाचा खडा सरकवायचात, मी ताक ओतायचे, ठेच्यानं मला ठसका लागला की तुम्ही पदराआड हसायचात. पसंत आहे की नाही, हे विचारायची मला मग गरजच राहिली नाही.

मौनाचा नेम फेडायला देवाला घंटा द्यायची असते. कार्तिकात आपण दोघी पिंपरीच्या कॅम्पात चालत गेलो. तिथं सिंधमधून आलेल्या लोकांनी नवी दुकानं थाटली होती. तुम्ही एकेक घंटा कानाशी धरून वाजवायचात आणि परत ठेवायचात. दुकानदार वैतागला. "माई, घंटा लेनी है या गाना सीखना है?" तुम्ही पुढची घंटा उचललीत. शेवटी एक जाड कडांची, खोल आवाजाची घेतलीत, दोघींत मिळून एक. नदीकाठच्या देवळात ती टांगली आणि मला पुढं केलंत. "वाजीव. चार महिन्याचं साठलंय तुझं." मी इतकी वाजवली की गुरव धावत आला. तुम्ही खांबाला टेकून हसत होतात, आवाज न करता, पोट धरून.

आता त्या ज्वारीच्या जागी इमारती आहेत आणि मी त्यातल्या सातव्या मजल्यावर. वाईट कुणी नाही, आत्याबाई. मुलगा भला आहे. सूनबाई घरातूनच कंपनीचं काम करते, कानात बोंडं घालून. मी दारात दिसले की हात वर करते, थांबा म्हणून. मी थांबते. मग आपण कशाला आलो होतो तेच विसरते आणि परत जाते. ताट वेळेवर मिळतं, गरम मिळतं, शेवटच्या घासापर्यंत कुणी उठवत नाही. तांब्या कुणी मागत नाही, म्हैस तर नाहीच. तुम्ही ज्यासाठी चार महिने झटायचात, ते मला बारा महिने फुकट मिळतंय. याची घंटा कुठल्या देवाला द्यायची, तेवढं सांगून गेला असतात तर बरं झालं असतं.

म्हणून यंदा आषाढात मी घरात सांगितलं, माझं जेवताना मौन आहे. मुलानं लगेच सगळ्यांना बजावलं, "आजीला कुणी जेवताना हाक मारायची नाही हं." मोठ्या मानानं सांगितलं. आता एक कबूल करते. मी कसलाही नेम धरलेला नाही, आत्याबाई. नुसतं सांगितलंय. हाक तशीही येत नव्हती. आता निदान न येण्याला कारण आहे.

नातीचं पेन थांबलंय. मी म्हटलं, लिही गं, तेही लिही. ती माझ्याकडं बघत बसलीय, बोलत काही नाही. या बाबतीत तुमच्यावर गेलीय. आता विचारतेय, "आजी, मग उद्या तू जेवताना मी मधेच हाक मारली तर?"

"तर ताट सोडून उठावं लागेल."

"आणि दिवसभर उपाशी?"

राहीन की. तू मार तर खरं.