अब्बांची दुसरी लेक

खुलना, नोव्हेंबर १९५२

प्रिय मेहेर,

तुझी पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसायचे आणि दोन ओळींतच हात थांबायचा. जियागंजच्या आमच्या देवघराच्या खोलीत तुम्ही अजूनही चपला घालून जात नाही, हे वाचून सासूबाईंनी ते पत्र आपल्या उशाखाली ठेवलं.

सत्तेचाळीसच्या आषाढात आपण घरांची अदलाबदल केली, तेव्हा सगळे छातीठोक सांगत होते, जियागंज पाकिस्तानात जाणार, खुलना हिंदुस्थानात. तुम्ही तिकडे गेलात, आम्ही इथे तुमच्या घरात आलो. हलले नाहीत ते फक्त तुझे अब्बा. “सौदा घराचा झालाय, तळ्यातल्या माशांचा नाही,” म्हणाले आणि ओसरीवरच्या लाकडी चौकीवर बसून राहिले. पंधरा ऑगस्टला इथे तिरंगा चढला, मी शंख फुंकला. तीन दिवसांत रेडिओने सगळं उलटं करून टाकलं: खुलना पाकिस्तानात, जियागंज हिंदुस्थानात. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. अब्बा म्हणाले, “माझी लेक पाकिस्तान शोधत तिकडे गेली, आणि ते इथे माझ्या चौकीखाली येऊन बसलं!” खूप हसले. मग गमछ्यात तोंड लपवलं.

पन्नासच्या दंग्यात जमाव दाराशी आला, तेव्हा काठी आडवी धरून ते उंबऱ्यात बसले. “आत माझी लेक आहे.” कुणीतरी हिणवलं, “तुमची लेक तर हिंदुस्थानात!” अब्बा म्हणाले, “मला दोन आहेत. मोजायला शिक.” लोक पांगले. त्यानंतर आमच्या ह्यांनी इथून जायचं नाव काढलं नाही.

कालीपूजेच्या सुमारास येते, असं तू कळवलंस, तेव्हा अब्बा अंथरुणावर होते. तरी रोज विचारायचे, तळ्यातला मोठा रोहू कुणी पकडला तर नाही ना, मेहेरला त्याचं डोकं आवडतं. नेमका तेव्हाच पासपोर्टचा नियम आला आणि तुला सीमेवर गाडीतून उतरवलं. मी त्यांना सांगत राहिले, गाड्या उशिरा धावताहेत.

मेहेर, शुक्रवारी अब्बा गेले. सकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, “कनक, ती आता येत नाही ना?” मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. “मग तिच्या वाट्याचंही तूच रड. आणि नीट रड, शेजारी ऐकतात.” तुझ्या अम्मीच्या शेजारीच त्यांना माती दिली. आम्हाला इथे धरून ठेवणारं आता कुणी उरलं नाही. महिनाअखेर आम्ही निघतोय. भिऊ नकोस, आम्हाला घर परत नको, सौदा तो सौदा. पण तिकडे आमचं दुसरं कुणी नाही. थोडे दिवस तुझ्या ओसरीवर जागा दे. बाप गेल्यावर लेकीने बहिणीच्या दारात नाही तर कुठे जायचं?

तुझीच,
कनक