बुवांचा डावा हात

३ मार्च, मंगळवार

बुवा गेले.

सकाळी साडेदहाला कळलं. एका आजोबांच्या कानात मशीनच्या साच्यासाठी गुलाबी लगदा भरला होता. तो घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात, तेवढी पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. बाहेर रेडिओ चालू होता. आधी नाव आलं, मग वय आलं — एक्क्याऐंशी — मग 'थोर जाझ ड्रमवादक'. आजोबांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसले. लगदा काढला. साचा अगदी स्वच्छ आला!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "अरेरे. तेच ना, भांडी पाडणारे?" एकवीस वर्षं हा एकच विनोद. पण मग उठून त्यानेच चहा केला आणि मला काही काम सांगितलं नाही.

आज वहीत लिहून टाकते. सहा वर्षं पोटात ठेवलंय. बुवा माझे पेशंट होते. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धामुर्धा. दुपारी दवाखान्याच्या मागच्या दाराने यायचे, त्या वेळी मी दुसऱ्या कुणाला बोलवत नसे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, या कानाचं त्या कानाला कळता कामा नये." आणि स्वतःच मोठ्याने हसले. मी शब्द दिला.

तपासणीची गंमत आठवते. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. बुवांनी प्रत्येक वेळी दाबलं! मी म्हटलं, बरा आहे की कान. मग लक्षात आलं — आवाज किती वेळाने येतो ते त्यांनी मनात मोजलं होतं आणि तालात दाबत होते. आवाज मी बंद केला तरी दाबतायत! मग मी वेळा उलटसुलट केल्या, तेव्हा कुठे खरं काय ते कळलं. जित्याची खोड.

७ मार्च, शनिवार

आमचं जाझ ऐकणाऱ्यांचं मंडळ भरलं. बेकरीच्या मागच्या खोलीत, नेहमीसारखं दुपारी, भट्टी विझल्यावर. बेकरीवालीचा नियमही नेहमीचाच — पीठ लागलेल्या हाताने रेकॉर्डला हात लावायचा नाही. सहा जणांचं मंडळ, पाच आलो. मास्तर आले नाहीत.

मास्तर नाहीत म्हणजे मंडळच नाही. गणित शिकवायचे, निवृत्त झाले, मंडळ त्यांनी काढलं. बुवांना 'बुवा' म्हणायला सुरुवात त्यांनीच केली. दर तीन महिन्यांनी चार पानी अंक काढतात, सगळा मजकूर स्वतःच लिहितात, आणि एक प्रत न चुकता बुवांच्या पत्त्यावर जाते.

बुवांची रेकॉर्ड लावली. कुणी रडलं नाही. बेकरीवाली म्हणाली, "मला रडू येतंय, पण हे ऐकताना येत नाही, घरी जाऊन बघते." मग नेहमीचा वाद — बुवा डावा पाय अनवाणी ठेवून का वाजवायचे? मास्तरांनी मागे त्यावर अख्खं पान लिहिलं होतं. वाद्यापुढची नम्रता वगैरे. मी मूग गिळून बसले. मला ठाऊक आहे. बेसचा आवाज कानाने येत नसे, तो ते लाकडी फळ्यांतून तळपायाने घेत.

पुढच्या महिन्यात सभा ठेवायचं ठरलं. बोलणार मास्तर, दुसरं कोण? त्यांना सांगायचं काम माझ्याकडे.

एक गोष्ट मात्र मंडळात कधीच सांगणार नाही, ती माझी आहे. नोव्हेंबरातला शेवटचा कार्यक्रम. मास्तरांचा गुडघा नुकताच बदललेला, पाय लांब करता यावा म्हणून त्यांनी माझी कडेची खुर्ची घेतली आणि मला त्यांची नेहमीची दिली — तिसरी रांग, आठवी. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बुवांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हातातली काठी छोट्या ड्रमच्या कडेवर दोनदा टेकवली. टाळ्यांत ऐकू काही आलं नाही, नुसतं दिसलं. आभार मानले त्यांनी माझे. सहा वर्षं तोंड बंद ठेवल्याचे. आयुष्यात मला कुणी इतके नेमके धन्यवाद दिलेले नाहीत.

९ मार्च, सोमवार

मास्तरांकडे गेले. खोक्यांत रेकॉर्डी भरून ठेवल्यात! सगळ्या. दोरीने बांधलेल्या. म्हणाले, "ने तुला हव्या त्या. उरलेल्या बेकरीत."

मी म्हटलं, "मास्तर, हे काय नवीन?"

"मी ऐकणार नाही आता. मला अधिकार नाही."

हळूहळू बाहेर आलं. ऑक्टोबरच्या अंकात त्यांनी लिहिलं होतं — डावा हात जड झाला आहे, आता थांबावं. मला आठवतो तो लेख. वाचून मलाही राग आला होता, पण खोटं नव्हतं त्यात काही. मास्तर कुणाचीच भीड ठेवत नाहीत, आपल्या मुलीच्या स्वयंपाकालाही मार्क देतात. प्रत बुवांकडे गेली. पुढच्याच महिन्यात कार्यक्रम. आणि तेव्हा —

"तेव्हा काय?"

"आमचं एक होतं. वीस-बावीस वर्षांचं. त्यांनी ते तोडलं त्या दिवशी. बरोबरच केलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर लिहितात का?"

काय होतं ते सांगितलं नाही. सभेत बोलणार नाही म्हणाले. जेवत नाहीत नीट, मुलीने दारात सांगितलं. "बाबा दिवसभर बसून असतात. तुमचं ऐकतील. बोला ना काहीतरी."

काय बोलू? एवढंच बोलण्यासारखं आहे की बुवांना ऐकू येत नव्हतं, तुमचं जे काय होतं ते तुटलं असेल तर त्यापायी. आणि तेवढंच बोलता येत नाही.

१२ मार्च, गुरुवार

दुपारी मागच्या दारावर टकटक. ही वेळ त्यांची! दारात काकू. बुवांच्या बायको. हातात मशीनची डबी. "कुणा गरजूला बसव," म्हणाल्या.

मशीन संगणकाला जोडलं. कुठे किती तास वापरलं ते त्यात दिसतं. घरात, बोलताना — रोज चार तास. संगीताच्या रकान्यात शून्य. सहा वर्षांत शून्य! काकू म्हणाल्या, "स्वतःची झांज सुरीसारखी लागते म्हणायचा. कार्यक्रमाला निघाला की मशीन माझ्या पर्समध्ये."

धीर करून विचारलं, एका माणसाला सांगू का? काकू म्हणाल्या, "सांग की! लाज त्याला होती, मला नव्हती. आता तर त्यालाही नाही." मग रडल्या. मग माझ्या रुमालाला छान वास आहे म्हणाल्या आणि गेल्या.

१४ मार्च, शनिवार

मंडळाला गेले नाही, मास्तरांकडे गेले. सांगितलं. फार बरं वाटेल म्हणून सांगितलं.

आगीतून फुफाट्यात.

मास्तर म्हणाले, "कधीपासून?"

"माझ्याकडे सहा वर्षं. त्याआधीही असेलच थोडं."

"मग माझं कसं ऐकायचे?"

आणि मग त्यांनी सांगितलं, काय होतं ते. कार्यक्रम संपला की मास्तर खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी दोनदा वाजवायचे. टाळ्यांच्या गदारोळात! आणि बुवा मान वर करून बघायचे आणि उजव्या हाताने ड्रमच्या कडेवर दोन ठोके द्यायचे. दरवेळी. बावीस वर्षं. दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नाहीत. "इतक्या आवाजातून माझी दोन बोटं ओळखायचे, असा कान! मी घरी येऊन दोन दोन दिवस हवेत असायचो. आणि तू म्हणतेस, ऐकूच येत नव्हतं. म्हणजे तेही माझ्याच मनातलं. सवयीने मोजून दोन वाजवायचे, आणि मला वाटायचं, मला देतायत."

नोव्हेंबरातही त्यांनी कडेच्या खुर्चीवर बोटं वाजवली होती. तिथून पियानोचं उघडं झाकण आड येतं, बुवांचं डोकं तेवढं दिसतं. ते डोकं त्यांच्याकडे वळलं नाही.

मग मास्तरांनी विचारलंच. गणिताचा माणूस. "माझ्या खुर्चीत तू होतीस. काही केलं का गं त्यांनी?"

"टाळ्या चालल्या होत्या, मास्तर. माझं लक्ष नव्हतं."

असं म्हणाले मी. वहीत तरी खरं लिहिते. असं म्हणाले.

१५ मार्च, रविवार

डोकं दुखतंय. नवरा म्हणतो, जरा बाहेर चल. नको.

१७ मार्च, मंगळवार

चोराच्या मनात चांदणं. आज दोन पेशंटांना एकमेकांची मशीनं दिली. बरं, दोघंही "छान ऐकू येतंय" म्हणाले!

मी नीट विचार केलाय. मास्तरांना ठोके मिळायचे ते उजव्या हाताचे. मला डाव्या हाताचे मिळाले. म्हणजे वेगळे. त्यांचं ते त्यांचं, माझं ते माझं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं होतं, डोळ्यांत. मी होते तिथे, आणखी कुणी नव्हतं. सहा वर्षं मी त्यांचं झाकून ठेवलं, नवऱ्यापासून, मंडळापासून, त्याचं मला काहीच नको? एक एवढीशी गोष्ट. ती पण देऊन टाकायची?

मास्तरांच्या मुलीचा फोन येऊन गेला. खोकी बेकरीत पाठवली म्हणे. मी उद्या बघते म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार

काकूंना फोन केला. मशीनच्या पावतीचं निमित्त काढलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते, शेवटी विचारलं — बुवा स्टेजवर चष्मा लावायचे का?

काकू हसल्या. "छे! घामाने घसरतो म्हणायचा. चष्म्याशिवाय पहिल्या रांगेत बसलेली मी त्याला ओळखू यायची नाही! खुर्च्या मोजायचा नुसत्या. तिसऱ्या रांगेत त्याचे कुणी मास्तर असायचे, तो अंक काढणारे. घरी आला की आधी तेच. 'मास्तर आले होते.' दुसरं काही नाही."

मी विचारलं, शेवटच्या वेळी?

"शेवटच्या वेळीही. 'मास्तरांना उत्तर दिलं,' म्हणाला. आणि एकटाच हसत बसला जेवताना. आता त्यात हसण्यासारखं काय, देव जाणे."

फोन ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. खुर्चीकडे पाहिलं होतं. फार वाईट वाटलं. लहान मुलासारखं, हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, दार बंद करून. तो भांडी म्हणाला नाही. म्हणाला, "ज्याचं त्याला देऊन ये."

२० मार्च, शुक्रवार

मास्तरांना सांगितलं. मी खोटं बोलले तेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उजव्या हाताने, ना?"

"नाही. डाव्या."

माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले — चष्मा काढावा लागला इतके. "डावा हात जड झालाय म्हणून लिहिलं होतं मी! वाचलं म्हाताऱ्याने! उत्तर दिलं बघ, लबाडाने!" हसता हसता डोळे पुसत होते, मुलगी दारात येऊन बघून गेली. शेवटी बशीतला चमचा माझ्यापुढे सरकवला. "वाजवून दाखव. वाजवलं तसंच."

चमचा डाव्या हातात घेतला. कपाच्या कडेवर दोन ठोके दिले.

"इतके हलके?"

"याहून हलके."