खटाऱ्याचा पाय

१२ फेब्रुवारी, रविवार

ती. दादा,

नमस्कार. आईची तब्येत ठीक आहे, गुडघा सोडून. माझी ठीक आहे, डोळे सोडून. तुझी ठीक असेल असं धरून चालते, कारण सांगणारं कुणी नाही.

पाकीट बघून तू बुचकळ्यात पडला असशील. मोबाइलवर लिहिलं असतं तर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा माझ्या तोंडावर मारून तू गप्प बसला असतास. कागदाचं बरं असतं, तू वाचलंस की नाही ते मला कळणारच नाही. पण आज कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि हे कळणारा माणूस जगात तू एकटाच आहेस.

दादा, मी खटारा रंगवला.

हो, तोच. तुझ्या खेळण्यातल्या सैन्यातलं दोन पायांचं लोखंडी यंत्र, चहाच्या कपाएवढं. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे डोंगर रचून आपण लढायचो, तू फासे टाकायचास, आणि त्या एकट्यापुढे माझी अख्खी पलटण आडवी व्हायची. गेल्या महिन्यात माळा आवरताना आईला तो थिनरच्या जुन्या डब्यात मिळाला. तुटलेला पाय जोडलेला होता, वर करड्या प्रायमरचा एक हात दिलेला. ते कसं काय ते जाऊ दे. मुख्य गोष्ट पुढे आहे.

नऊ वर्षं मी ब्रशला हात लावला नव्हता, म्हणजे या कामासाठी. तू गेलास, मग लढायचं कुणाशी? माझी रंगांची पेटी काढली तर अठरा बाटल्यांतल्या पंधरा दगड झालेल्या. नवीन आणल्या. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात इतका जाड थर दिला की खटारा चिखलात बुडवून काढल्यासारखा दिसायला लागला. सगळा पुसून काढला आणि दिवसभर आईवर उगाच चिडचिड केली.

दुसऱ्या रविवारी डोक्यात प्रकाश पडला. मी रोज काय करते? डॉक्टर लोक साचा पाठवतात आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही दात बनवतो. नवा दात बनवणं सोपं आहे. अवघड काम म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडात बसवायचा दात सत्तर वर्षांचा दिसला पाहिजे. चहाचा डाग, मुळाशी पिवळेपणा, मधोमध केसाएवढी चीर, हे सगळं मी भिंगाखाली, चार केसांच्या ब्रशने रंगवते. आमचे सर म्हणतात, तुझे दात इतके खरे असतात की बघूनच दुखायला लागतात. मग लोखंड म्हातारं करायला मी कशाला घाबरू?

आधी पातळ हिरवा रंग, तीन हात, प्रत्येक वाळू देऊन. मग स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवला, कागदावर टिपला, जवळजवळ कोरडा झाला की कडांना नुसता टेकवला. दादा, तेवढ्याने रंगाचे टवके उडाल्यासारखं दिसतं. आतून लोखंड डोकावतं. मग प्रत्येक खिळ्याखाली नारिंगी रंगाचा थेंब आणि तो ओल्या ब्रशने सरळ खाली ओढायचा, पाणी जिथून ओघळलं असतं तिथूनच. पायांना चिखल हवा होता. लॅबमधलं साच्यांचं प्लास्टर तपकिरी रंगात कालवलं आणि काडीने थापलं. वाळल्यावर त्याला आपोआप भेगा पडल्या. मी खुर्चीतून उठून घरभर फिरून आले.

बाबा टेबलावरचं आपलं युद्ध बघून काय म्हणायचे आठवतं? "मी दिवसभर लोकांच्या गाड्यांचा गंज काढतो आणि माझी पोरं घरी बसून गंज लावतात."

आता ऐक. आमच्याकडे पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी हे खेळणाऱ्यांचा गट जमतो. मी आज सकाळी खटारा रुमालात गुंडाळून तिथे घेऊन गेले. बस चालवणारा एक जण आहे आणि एक निवृत्त नर्स आहेत, त्या दोघांचं तिथे राज्य. नर्सबाईंनी चष्मा वर केला, खटारा नाकाजवळ नेला आणि नखाने टकटक वाजवून पाहिला. मला म्हणाल्या, हे खरंच गंजलंय का? मी म्हटलं, प्लास्टिक आहे बाई. त्यांनी बसवाल्याला हाक मारली, त्यानेही नखाने वाजवून पाहिलं. पुढचा अर्धा तास लोक येऊन माझ्या खटाऱ्यावर टकटक करत होते आणि मी लहान पोरीसारखी लाल होत होते.

माझा म्हणजे तुझा. फोटो सोबत पाठवते आहे. उजव्या खांद्याखालचे ओघळ बघ.

तुझी,
टिकली


२७ फेब्रुवारी, सोमवार

ती. दादा,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. पत्र कसलं, वहीचं अर्धं पान. "रंग उत्तम. उजव्या खांद्याखालचे ओघळ मला जमले नसते. पाय कोणी जोडला? मी निघालो तेव्हा तो तुटलेला होता."

पहिली दोन वाक्यं मी आईला वाचून दाखवली. पुढची दोन वाचली नाहीत.

आधी ठरवलं होतं की इकडच्या तिकडच्या गोष्टी लिहीन. या रविवारी मी बसवाल्याशी लढले आणि जिंकले, खटाऱ्याने एकट्याने पूल अडवून धरला, मी इतक्या जोरात टाळी वाजवली की खालून दुकानदार वर आला. हे सगळं खरं आहे. पण तुझा प्रश्न टेबलावर पडून आहे आणि मी काहीही लिहायला घेतलं तरी नजर तिथेच जाते.

पाय बाबांनी जोडला.

तो तुटला कसा ते तुला माहीत आहेच. तू बंदरावरच्या क्रेनच्या नोकरीचं सांगितलंस, बाबा म्हणाले मग गॅरेज कोण बघणार, शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी हाताने टेबलावरचं सगळं झटकून दिलं. तू बाकीचं सैन्य गोळा केलंस आणि खटारा जमिनीवर तसाच सोडून गेलास. तो बाबांनी उचलला. पाच वर्षं तो त्यांच्या हत्यारांच्या कपाटात होता.

शेवटच्या महिन्यात, अंथरुणावर असताना, त्यांनी तो माझ्याकडून मागवून घेतला. गाड्यांना भरतात ती पुट्टी मागवली. खिडकीशी उशांना टेकून तीन दुपारी ते त्या पायाशी झटत होते. हात थरथरायचा, पाय निसटायचा, पुन्हा बसवायचे. मग कागदाने घासला आणि प्रायमर दिला. मला म्हणाले, रंग तू दे, तुझा हात हलका आहे. मी म्हटलं, बघू. मी दिला नाही.

तेव्हा माळ्यावर आईला मिळाला वगैरे खोटं आहे. डबा मीच तिथे ठेवला होता आणि तो कुठे आहे हे मला चार वर्षं रोज माहीत होतं.

आणखी एक खोटं आहे. ते मोठं आहे. पाणी पिऊन आले आणि लिहिते आहे.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुला फोन केला आणि सांगितलं की आधी फोन लागत नव्हता. मी लावलाच नव्हता. तू विचारलंस, काही म्हणाले का माझ्याबद्दल? मी म्हटलं, शेवटी बोलणंच बंद झालं होतं. दादा, त्यांचं बोलणं शेवटच्या सकाळपर्यंत नीट होतं. त्यांनी तुला तीन वेळा बोलावलं. पहिल्यांदा नुसतं, त्याला कळव. दुसऱ्यांदा विचारलं, कळवलंस का? मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा, पाय वाळल्यावर, म्हणाले, "त्याला सांग, गॅरेजचा विषय मी काढणार नाही. नुसता ये म्हणावं."

आईलाही मी कळवलंय म्हणूनच सांगितलं होतं. बाप बोलावतोय आणि मुलगा येत नाही, असं तिला चार वर्षं वाटत आलं. ती फोनवर तुझ्याशी तुटक बोलते ते त्यामुळे.

का, ते सांगते. सबब म्हणून नाही. चौदा महिने त्यांचं औषधपाणी, उठवणं, पुसणं, सगळं मी लॅब सांभाळून केलं. ते मला एकदाही म्हणाले नाहीत की जरा बस. आणि तू, जो आलाच नाहीस, त्याचं खेळणं ते थरथरत्या हाताने जोडत होते. मी नंबर काढायचे आणि फोन परत खिशात टाकायचे. म्हणायचे, उद्या करू. मला वाटलं होतं उद्या खूप आहेत.

हे पत्र टाकण्याआधी मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "मी त्याच्याशी किती वाईट वागले." तुझ्याशी. माझ्याबद्दल काहीच बोलली नाही, अजूनही बोललेली नाही.

खटारा पार्सलने पाठवू की नको, कळव. काहीच कळवलं नाहीस तरी मला समजेल.

टिकली


२० मार्च, सोमवार

ती. दादा,

तुझी गाडी काल संध्याकाळी सुटली आणि आज मी पत्र लिहायला बसले म्हणजे हद्द झाली. पण समोर बोलायचं ते राहिलं.

तू शनिवारी न कळवता दारात उभा राहिलास तेव्हा मी घाबरले, हे तुला दिसलंच असेल. तीन आठवडे तू अवाक्षर कळवलं नव्हतंस. आई पुढे झाली. तुम्ही दोघं आत बसलात, दार लोटून घेतलंत, आणि मी स्वयंपाकघरात तेच तेच भांडं घासत होते. आतून आईच्या रडण्याचा आवाज आला, मग तुझा, मग चक्क दोघांचं हसणं. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, चहा ठेव. तीन आठवड्यांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी चार कप ठेवला, माणसं तीन होती.

दिवसभर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी त्याची तयारी ठेवली होती. काल सकाळी तू पिशवीतून तुझं सैन्य काढून टेबलावर मांडायला लागलास, याची मात्र नव्हती. सगळे एकूण एक जपलेले, कापसात गुंडाळलेले. पट्टीने अंतर मोजताना मला आकडा दिसेना. खटारा मी तुझ्या बाजूला ठेवला. तू तो उचललास, पाय अंगठ्याने चाचपलास, वर प्लास्टरचा चिखल असूनही जोड नेमका कुठे आहे ते तुला सापडलं.

मग म्हणालास, "बाबा 'नुसता ये' कसं म्हणाले? त्यांनी म्हटलं तसं म्हण."

मी म्हटलं. त्यांच्या आवाजात, थांबत थांबत, दम लागायचा तसा. तू मान फिरवलीस. आई दारात उभी होती. मग तू फासे माझ्याकडे सरकवलेस आणि म्हणालास, "चाल तुझी."

दादा, आपण पाच तास खेळलो. मी डावीकडून शिरले तेव्हा तू तोंडातल्या तोंडात शिवी दिलीस, आठवतंय? मला तेवढ्याने आनंद झाला. नंतर तू माझा धुव्वा उडवलास तोही चालला. तू जिंकल्यावर तसाच तिरका हसतोस.

स्टेशनवर तू म्हणालास, "राग गेलेला नाही." मी मान हलवली. गाडी हलेपर्यंत मी माफीचा शब्द तोंडातून काढला नाही. तू मला तेवढीही शरम नाही असं समजला असशील. तसं नव्हतं. तिथे मागितली असती तर गाडी सुटायच्या घाईत तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तू भला माणूस आहेस, दिलं असतंस.

म्हणून ती इथे मागते, जिथे उत्तर द्यायची सक्ती नाही. मी तुझ्याकडून बाबांचा शेवटचा महिना काढून घेतला. मला माफ कर. आज नाही जमलं तर राहू दे, मी कुठे जात नाही.

तुझीच,
धाकटी