तबकातल्या सिगारेटी

आबा,

तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. आज देवपुरात आमच्या गल्लीतून वरात गेली. क्लॅरिनेटवाला पोरगा जेमतेम विशीचा. कुणीतरी त्याला सिगारेट दिली आणि त्याने ती कानामागे खोचली, अगदी तुमच्यासारखी. मी खिडकी धाडकन लावून घेतली.

पारोळ्यात बँडला मान होता तो तुमच्या क्लॅरिनेटमुळे. वरात थांबली की मुलीकडचे वाजवणाऱ्यांपुढे तबक धरायचे, त्यात पानसुपारी आणि सिगारेटी. नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान. तुम्ही एक ओढायचात, बाकीच्या खिशात. घरी आलात की मी तुमच्या लाल कोटाचे खिसे उलटे करून त्या पत्र्याच्या डब्यात भरायची, कौतुकाने. "धूर लिधा म्हंजे छाती मोकळी व्हस," तुम्ही सांगायचात आणि अख्खा बँड माना डोलवायचा. छाती मोकळी म्हणे! रोज सकाळी तुम्ही मोरीत बसून खोकता आहात, कपाळाची शीर फुगली आहे, आई पाठ चोळते आहे, मी तांब्या धरून उभी आहे. दोष कुणाचा, तर थंडीचा. मग धुळीचा. मग आईच्या चुलीचा! ते बोलताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही?

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला एका नळीत फुंकायला लावलं. तुमची फुंक चार गल्ल्यांना ऐकू जायची, पण त्या नळीवरचा काटा अर्ध्यावरही गेला नाही. डॉक्टर म्हणाले, धुराने श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्यात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटलेत. गेलं ते परत येणार नाही, पण आज सोडलीत तर उरलंय ते जास्त दिवस टिकेल. एसटीत बसताच तुम्ही म्हणालात, "डॉक्टर कधी क्लॅरिनेट वाजाडस का?"

"आबा, आते तरी बस करा ना. मना लगनमा वाजाडनं शे तुमले."

"वाजाडसू ना!" तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात, आणि स्टँडवर उतरताच पेटवलीत.

मुलीच्या बापाने वाजवायचं नसतं, असं सगळे सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत. नवरदेव मांडवाच्या दारी आला, तुम्ही क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि ओळ अर्ध्यात तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटली. वऱ्हाडात कुणीतरी हसलं. मुंडावळ्या बांधून मी आत उभी होते आणि मला तुमची दया आली नाही, नुसता संताप आला. पुढे मोरीपर्यंत जातानाही तुम्ही दोनदा भिंत धरायचात, तेव्हाही मला तो हसण्याचा आवाज ऐकू यायचा.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. माझ्या लग्नाच्या दिवशी मुलीकडचे आपण होतो. बँडपुढे धरायचं तबक आपल्या घरातून गेलं, आणि त्यात सिगारेटी मी रचल्या होत्या. डॉक्टरांचं सगळं ऐकून आलेली मी. रीत मोडायला नको, म्हणून. वाजवण्याआधी तुम्ही त्यातलीच एक उचललीत. मी खिडकीतून पाहत होते, आबा. हाक मारली नाही.