फाटकापासून दुसऱ्या वळणापर्यंत

२ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोज लिहायचं. मोटरसायकल शिकायची ठरवली आहे, तेव्हा प्रगतीची नोंद असलेली बरी.
सकाळी दातांचे डॉक्टर आले होते. ह्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. दर रविवारी जंगलाच्या फाटकापलीकडे, डोंगरवाटेवर गाड्या उडवणारी ती मंडळी. आता जंगलखातं म्हणतंय, ही वाट कुणी वापरत नाही, बंद करू. सोळाला साहेब पाहणीला येणार. सतराला क्लबची मोठी रॅली, बाहेरगावचेही येणार. डॉक्टरांची अपेक्षा, मी चहाचं बघावं. मी म्हटलं, चहा करीनच, पण ह्यांची गाडी घेऊन रॅलीतही येईन. डॉक्टर गप्प बसले. गप्प म्हणजे होकार.
हे गेल्यापासून गाडी दोन वर्षं व्हरांड्यात चादरीखाली आहे. तशी विकायचीच आहे. त्याआधी एकदा चालवून बघते, इतकंच.

४ नोव्हेंबर
गाडीवर बसले. स्टँडवर होती, पण बसले. पाय जमिनीला टेकत नाहीत. गाडी उगाच उंच केली आहे.

५ नोव्हेंबर, दुपार
आज बसले नाही. गाडीचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचन ह्यांच्या गाड्यांच्या मासिकांवर झालं. कादंबरीतली बाई प्रेमात पडली की मी अजून अडखळते, पण कार्ब्युरेटर एका दमात वाचते. वाचलं म्हणजे निम्मं आलंच.

७ नोव्हेंबर
गॅरेजवाला येऊन तेलपाणी करून गेला. म्हणाला, काकू, किक रागानं मारायची. मला राग येत नाही. भावजींना आठवून मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. मी लगेच उतरले. इंजिनाला पहिल्या दिवशी जास्त त्रास देऊ नये.

९ नोव्हेंबर
लेकीला कुणीतरी चुगली केली. तिचा फोन. हाडं, वय, लोक काय म्हणतील, सगळं झालं. मग म्हणाली, "आई, बाबांच्या मागे तू एकदाही बसली नाहीस. आणि आता चालवणार?"
आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.
खरं आहे. दर रविवारी हे म्हणायचे, चल, वर एक गंमत दाखवतो. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. वर काय आहे ते मी विचारलंही नाही. वाट बंद झाली की तेही संपलं. मला तशी फारशी उत्सुकता नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
भल्या सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात क्लबची मीटिंग. बसायला जागा नव्हती, एकजण तर दात काढायच्या खुर्चीवर आडवा पडून ऐकत होता. डॉक्टर चाकांच्या खुणांबद्दल काहीतरी कळकळीनं सांगत होते. मी तेव्हा कप गोळा करत होते. पुढं प्रत्येकाला वाटेचा एकेक तुकडा वाटून दिला. फांद्या छाटायच्या, दगड बाजूला करायचे. मला फाटकापासून दुसऱ्या वळणापर्यंतचा तुकडा. सगळ्यात सपाट. पण साहेब आधी तोच बघणार, म्हणजे माझ्यावर किती भरवसा.

१३ नोव्हेंबर
गाडी चालली. इंजिन बंद होतं, अंगणाचा उतार होता, तरी चालली. अकरा फूट. शेजारणीच्या कुंडीनं थांबवली. शेजारीण बोलली ते लिहीत नाही. आता वळायला शिकलं की झालं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
हातांत त्राण राहिलं नाही. दगड पहाटेच उचलून झाले. मग वाटेकडे नीट पाहिलं आणि मला लाजच वाटली. चाकांनी जागोजागी चर पाडलेले, माती उकरलेली, जणू डुकरं लोळून गेली. उद्या साहेब येणार आणि हे असं? माझ्या दारात पाहुणा आला आणि केर दिसला, असं आजवर झालेलं नाही. फावड्यानं चर बुजवले. खराट्यानं दुसऱ्या वळणापर्यंत झाडून काढलं. पाणी मारलं. माती बसावी म्हणून पाच-सहा वेळा वरखाली चालले. आरशासारखी वाट झाली.
कुणाला सांगितलं नाही. केलेल्या कामाचा डांगोरा पिटू नये.

१६ नोव्हेंबर
साहेब आले. पोट मोठं, दम छोटा. दुसऱ्या वळणावरून परत फिरले. म्हणाले, इतकी सुंदर वाट नोकरीत पाहिली नाही. खूप लिहून घेतलं. डॉक्टर पांढरे पडले होते. उन्हानं असेल.
जिंकलो बहुतेक.

१७ नोव्हेंबर, रविवार
गॅरेजवाल्याच्या टेम्पोतून गाडी फाटकाशी नेली. ह्यांचं हेल्मेट घातलं, गाडीवर बसले. दोघांनी धरली होती. मला धरून बेचाळीस गाड्या. सगळ्या गुरगुरत होत्या, माझी धरून. फाटकावर कागद लावलेला. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला.
"वाट खुली राहील. वाहनांच्या वापराची एकही खूण आढळली नाही. पायी ये-जा मात्र भरपूर आहे. सबब, ही वाट फक्त पायी जाणाऱ्यांसाठी."
एकेक करत बेचाळीस इंजिनं बंद झाली. मग डॉक्टरांनी विचारलं, गेल्या रविवारी आपण सगळ्यांनी मुद्दाम दिवसभर फिरून पाडलेल्या खुणा गेल्या कुठं? मी हेल्मेटची काच खाली केली.
आज मी नक्की चालवली असती. कागदामुळं राहिलं.

१८ नोव्हेंबर
रात्रभर विचार करून सकाळी दवाखान्यात कबूल करायला गेले. डॉक्टरांनी हातातलं काम ठेवलं. "वहिनी, आम्हाला कालच कळलं. झुडपांच्या खालूनसुद्धा झाडलेलं होतं. असं दुसरं कोण झाडणार?"
चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा अर्ज वर्षानं करता येतो म्हणाले. मग हळूच म्हणाले की बेचाळीस जणांत त्या वाटेनं पायी जाणारं कुणी असेल तर मीच.

१९ नोव्हेंबर
पायी गेले. तीन ठिकाणी बसत बसत वर पोचले. वर एक सपाट दगड आहे. वारा आहे. आणखी काही नाही. सगळ्या बाजूंनी पाहिलं, दगडामागंही पाहिलं. कोणती गंमत, ते सांगायला माणूस नाही. तासभर बसले.
उतरताना कुणी भेटलं नाही. वाटेवर ताजी पावलं एकाच माणसाची होती, वर जाणारी. माझीच.
पायी ये-जा भरपूर, असं साहेबांनी लिहिलंय.